मधोमध झिजलेले टायर

गाडीचा विषय निघाला की मी कुणाचं ऐकून घेत नाही, हा माझा जुना दोष. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं मिरवायला रुंद टायर टाकले होते. ते काढून मी कंपनीच्या मापाचे अरुंद टायर बसवले आणि लिटरला पंधराचं ॲव्हरेज सोळावर गेलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला चटक लागली. तेहतीसच्या जागी बेचाळीस हवा भरू लागलो, आणि सतरा मिळालं तेव्हा तर मला स्वर्ग दोन बोटं उरला.

हा आकडा मी सासऱ्यांना ऐकवायचो. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून तीनदा मी त्यांना फिजिओथेरपीला न्यायचो. "वा, जावईबापू!" ते म्हणायचे. दरवेळी म्हणायचे.

दीड महिन्यानं त्यांनी जाहीर केलं, "आता पुरे. मी काही येणार नाही." उपचार अर्धवट सोडले तर काठी कायमची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी कामं टाकून धावतो आणि यांचा हा हट्ट! बायकोला म्हटलं, "तुझ्या बाबांना बरंच व्हायचं नाहीये." ती रडली. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

त्याच आठवड्यात टायरवाल्याकडे गेलो. त्यानं चाकावरून हात फिरवला.

"कडा नव्या आणि मधला पट्टा गुळगुळीत. हवा किती भरता?"

मी ऐटीत सांगितलं. त्यानं दार उघडून आतलं स्टिकर दाखवलं. "इथं तेहतीस लिहिलंय. दोन-तीन जास्त चालून जाईल. नऊ म्हणजे दगडावर बसून जाणं. ब्रेकही नीट लागत नाही. शेजारी कोण बसतं?"

मला आठवलं. सासरे दोन्ही हातांनी वरचं हँडल घट्ट धरून बसायचे. त्यांना वेगाची भीती वाटते असं समजून मी त्यांची चेष्टा करायचो. आता मात्र माझी मलाच लाज वाटली. सासऱ्यानं जावयाला कसं म्हणायचं, की तुमची गाडी मला सोसत नाही?

हवा तेहतीसवर आणून मी तडक सासुरवाडी गाठली. मान खाली घालून सगळं सांगितलं. ते चपला घालून निघाले.

पहिला गतिरोधक आला तसे त्यांनी डोळे मिटले. मग हळूच उघडले.

"दुखलं, बाबा?"

"नाही."

"मग आधीच सांगायचं ना! माझी हौस महत्त्वाची की तुमची पाठ?"

त्यांनी हँडलवरचे हात खाली घेतले.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही माझ्याशी त्या ॲव्हरेजबद्दलच तर बोलायचात."