तिरकी ठेवलेली पट्टी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल असं वाटत नाही. मी विमानतळाच्या मनोऱ्यातली एक म्हातारी पट्टी. वीतभर लांब, पिवळ्या प्लास्टिकची, एका कोपऱ्याला तडा गेलेली. माझ्या खाचेत विमानाची चिठ्ठी सरकवायचे: कुठून निघालं, कुठं चाललं, किती उंचीवर. माझ्यासारख्या वीस-पंचवीस जणी उतरत्या फळीवर एकीखाली एक बसायच्या आणि काचेपलीकडचं सगळं आभाळ त्या फळीवर मावायचं. मनोरा कुठल्या शहरातला ते सांगत नाही. फुलंब्रीपासून फार लांबचा होता, एवढं पुरे.

फुलंब्रीचं नाव घेतलं, कारण विमानांना वाट सांगणारा माझा माणूस तिथला. अजिनाथ. त्याचे वडील मुंजाबा मेंढरं राखायचे. दिवस मावळताना कळप वाड्यात शिरला की ते मोजायचे, आणि एक जरी मेंढरू कमी भरलं तर हातातली काठी वाड्याच्या तोंडाशी आडवी टाकायचे. काठी आडवी असली की घरात कुणी ताटावर बसत नसे. मनोऱ्यातही तसलीच रीत पाहून अजिनाथला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. शेजारच्या नियंत्रण कक्षाशी फोनवरचं बोलणं अर्धं राहिलं, तर त्या विमानाची पट्टी फळीवर तिरकी करून ठेवायची. उत्तर आलं की सरळ. तिरकं काही नसलं, म्हणजे सगळं ठरलं.

आईची, सारजाबाईंची, एक सवयही त्याच्या हातात उतरली होती. दुसऱ्याच्या हाती भांडं द्यायचं तर घासून-पुसून द्यायचं, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे पाळी संपली की अजिनाथ खुर्ची पुसायचा, पेन जागेवर ठेवायचा आणि तळहात फिरवून आम्हा सगळ्यांना एका ओळीत आणायचा. अवघड विमान असलं की तो हमखास मला निवडायचा. तडा गेलेली असूनही! मला त्याचा तोरा होता, लपवत नाही.

मग त्याच कामावर योगिनी आली. फुलंब्रीच्याच बाजूच्या सोयगावची. अजिनाथचं फोनवरचं ‘व्हय’ ऐकून तिनं गाव ओळखलं आणि त्याच दिवसापासून त्याला दादा म्हणू लागली. त्यानं तिला सगळं शिकवलं. तिचा आवाज शांत होता. वैमानिकसुद्धा तिच्याशी नीट बोलायचे.

तो दिवस मला विसरता येत नाही. दुपारचे दोन वाजले होते. नुकतंच उडालेलं एक विमान माझ्या खाचेत होतं. त्याला आणखी वर पाठवायचं, तर त्याच वाटेनं खाली येणाऱ्या दुसऱ्या विमानाला शेजारच्या कक्षानं वरच रोखून धरायला हवं होतं. अजिनाथनं फोन केला. तिकडून ‘थांबा, सांगतो’ एवढंच आलं. त्यानं मला तिरकी ठेवली. तेवढ्यात पाळी बदलली. योगिनीला त्यानं बाकीची विमानं समजावली; माझ्याबद्दल बोलला नाही, कारण मी तिरकी होते, मीच सांगणार होते. आणि उठताना, मित्रांनो, त्याचा तळहात नेहमीसारखा फळीवरून फिरला. मी सरळ झाले.

योगिनीनं फळी पाहिली. तिरकं काहीच नव्हतं. तिनं विमानाला वर जायला सांगितलं. दुसरं खाली येतच होतं. दोन्ही विमानांतली धोक्याचा इशारा देणारी यंत्रं ओरडली. एक वर वळलं, एक खाली, आणि खिडक्या मोजता येतील इतक्या जवळून ती एकमेकांना ओलांडून गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. 

चौकशी झाली. मनोऱ्यातलं बोलणं टेपवर उमटतं, हात उमटत नाहीत. अजिनाथ म्हणाला, मी पट्टी तिरकी ठेवली होती. ते खरंच होतं. मग ती सरळ कुणी केली, हा प्रश्न एकट्या योगिनीपुढे उरला. बाहेर पडून जिना उतरताना अजिनाथचा तळहात कठड्यावरून फिरला आणि तो जागीच थांबला. त्याला सगळं आठवलं. परत वर जाऊन सांगायला फक्त बारा पायऱ्या होत्या. तो खाली गेला.

योगिनीचं माइकवरचं काम गेलं. वर्षाच्या आत तिनं नोकरी सोडली. पुढे मनोऱ्यात संगणकाचे नवे पडदे आले, आम्हाला खोक्यात भरलं. अजिनाथनं त्यातून मला शोधून काढलं आणि खिशात घातलं.

चार वर्षांनी रजेवर फुलंब्रीला आल्यावर तो हे सगळं, जिन्यातलंसुद्धा, मुंजाबांजवळ बोलला. म्हाताऱ्यानं हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “नुसती काठी आडवी टाकून मेंढरू घरला येत नाय, अजिनाथ. हुडकाया जावं लागतंय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सोयगावला गेलो. योगिनी आता घरीच मुलांना गणित शिकवते. अजिनाथनं मला तिच्या टेबलावर ठेवलं, तिरकी.

“योगिनी, ही मी सरळ केली होती. उठताना. माझ्या हातानं. तुझी काय बी चूक नव्हती.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही रडेल, चिडेल, त्याला हाकलून देईल. मी त्याचीच वाट पाहत होते.

ती हसली. “माझं मन राखाया एवढ्या लांबून आलात व्हय, दादा? मला सगळं आठवतंय की. मीच केली. रोज आठवतंय, ह्याच बोटानं केली.”

तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ती मान डोलवत राहिली, आजाऱ्याचं ऐकावं तशी. मग तिनं चहा ठेवला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बारा पायऱ्यांच्या आतच ओरडले असते. तुम्हाला तोंड आहे. खरं बोलायचं ते त्याच दिवशी बोला. उशीर झाला की ते ऐकणाऱ्याला दया केल्यासारखं वाटतं. आणि कुणाची वस्तू तिरकी दिसली, तर सरळ करण्याआधी एकदा विचारा.

अजिनाथ मला तिथंच सोडून गेला. योगिनी रोज सकाळी टेबल पुसते. फडकं माझ्याजवळ आलं की तिचा हात थांबतो आणि मला वळसा घालून पुढं जातो.