घड्याळाखालची खिडकी

पायरी पहिली

कस्तुराबाईंनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या.

"आजी, देऊळ नाहीये हे," पिंकी म्हणाली. "घाल परत. फरशी गार आहे."

"असू दे."

इथली कंपनी बंद पडून सतरा वर्षं झाली होती. मागच्या जागेवर टॉवर उभे राहिले, पण रस्त्याकडची ही घड्याळाची इमारत कुणी पाडली नाही. पाडली असती तर रिक्षावाले काय ओरडले असते? 'घड्याळ, घड्याळ' म्हटलं की निम्मी पिंपरी उतरायची. आता तळमजल्यावर कॉफीचं दुकान होतं, त्याला लागून कपड्यांचं शोरूम, आणि रविवारी वरपर्यंतचा जिना लोकांना बघायला खुला असायचा.

कस्तुराबाईंना शोरूमशी देणंघेणं नव्हतं. पिंपळे गुरवहून त्या नातीला घेऊन आल्या होत्या त्या एका गोष्टीसाठी. नवरा जिथं बसून काम करायचा, त्या खिडकीशी त्यांना पाच मिनिटं बसायचं होतं. साहेबराव गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं.

पायरी एकविसावी

इथं गुडघा बोलला. त्या कठड्याला धरून थांबल्या.

बायकामाणसांना गेटच्या आत सोडायचे नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी गेटवर डबा दिला आणि समोरच्या स्टॉपवर चिंचेखाली उभ्या राहिल्या. साडेबाराला भोंगा व्हायचा. मग थोड्या वेळानं घड्याळाखालच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा, हातात लाल रुमाल. रुमाल दोनदा हलला की त्या घराकडे वळायच्या.

"आपलं मशीन खिडकीपाशीच हाय," साहेबराव सांगायचे.

चाळीतल्या बायका चिडवायच्या, नावाचा साहेब आन् बसायला खिडकी! कस्तुराबाई वरवर रागवायच्या.

एकच सल होता. डब्यात रोज अर्धी भाकरी परत यायची. त्यांनी ज्वारीची बाजरी करून पाहिली, तिखट कमी केलं, भाकरी पातळ थापली. तरी अर्धी परत. रविवारी घरी हाच माणूस तीन भाकरी खायचा. एकदा त्यांनी विचारलंच, "डब्यातलं माज्या हातचं नसतं का?" साहेबराव नुसते हसले होते.

पायरी एकेचाळिसावी

"आजोबा टर्नर होते ना गं? लेथवर?" पिंकीनं विचारलं. ती चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होती.

"व्हय. वर, खिडकीत."

पिंकी थबकली. मग तिला हसू आलं. "आजी, लेथ मशीन तिसऱ्या मजल्यावर कोण चढवेल? खालच्या कॉफीवाल्याच्या डोक्यावर पडेल ते."

"तुज्या चाकणात न्हाई चढवत. हितं चढवलं असंल."

"नव्हतं चढवलं, मावशी."

वळणावर स्टुलावर एक म्हातारा बसला होता. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव रोहिदास. येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती सांगायला ठेवलेला कंपनीचाच जुना कामगार.

"ही नुसती ऑफिसची बिल्डिंग. आमी कामगार मागं, शेडमदी. कोणतं खातं तुमच्या मालकांचं?"

"टर्निंग. साहेबराव."

"म्हंजे चार नंबर शेड. पार मागं, नदीच्या अंगाला. आता तिथं सोसायटीचा पोहायचा तलाव हाय."

"मग वर खिडकीत कोण बसायचं?"

"कुणीच न्हाई. घड्याळाला किल्ली द्यायचा जिना हाय तो. बसायला जागा तरी कुठंय?"

पिंकीनं आजीकडे पाहिलं. "जाऊ दे आजी. उतरू या का?"

कस्तुराबाई पुढची पायरी चढल्या होत्या.

पायरी बहात्तरावी

जागा खरंच नव्हती. दोन माणसं उभी राहतील एवढी फळी, कोळिष्टकं, आणि छातीइतक्या उंचीवर खिडकी. चौकटीखालचा भिंतीचा रंग एका जागी झिजून गुळगुळीत झाला होता. कस्तुराबाईंनी तिथं तळवा ठेवला.

खाली पाहिलं. चिंच नव्हती, मेट्रोचा खांब होता. स्टॉप मात्र तिथंच.

"पिंकी, जा, त्या स्टॉपवर हुबी ऱ्हा. मला फोन लाव."

पिंकी गेली. रोहिदास धापा टाकत वर आला होता.

"भाऊ, चार नंबरापासनं हितवर किती लांब?"

"चालत आठ मिनिटं. पळालं तर पाच. शिवाय हा जिना चढायचा."

"आन् जेवायची सुट्टी?"

"अर्धा तास. मिनिटभर उशीर झाला तरी पगारात कापायचे."

फोन वाजला.

"आजी, आले बघ. कुठेयस तू?"

त्यांनी पदराचं टोक हातात धरलं, हात बाहेर काढला आणि दोनदा हलवला.

"दिसला, दिसला! पण आजी, चेहरा नाही दिसत गं. नुसता हात दिसतो."

"तेवढाच दिसायचा."

त्यांनी हात आत घेतला.

"आजी? येतेस ना खाली? भूक लागली मला."

"पिशवीत भाकरी हाय नव्हं तुज्याकडं? ती घिऊन वर ये. हितंच खाऊ."

"उभ्यानं?"

"उभ्यानं. आन् पळू नगंस, पोरी. सावकाश ये. आता भोंगा व्हायचा न्हाई."