ताइस्तोने विचारलं तेव्हा

फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही माणसाच्या हृदयाच्या स्नायूतून ट्रोपोनिन नावाचं प्रथिन शुद्ध करून काढतो. हृदयविकाराच्या तपासण्या त्याच्यावर पारखून घेतल्या जातात. हे काम मला ताइस्तोने शिकवलं. बासष्ट वर्षांचा माणूस, पण हात जराही हलायचा नाही.

मार्चमध्ये एक हृदय आलं. घरच्यांच्या संमतीने दिलेलं. कागदावर एवढंच: स्त्री, वय एक्केचाळीस. आम्ही दोघं थंड खोलीत स्नायू बारीक करत होतो. द्रावणात आधी एक औषध घालावं लागतं, नाहीतर स्नायूतलेच रस प्रथिनाचे तुकडे करून टाकतात. तेवढ्यात ताइस्तोला फोन आला. जाता जाता तो म्हणाला, "तुइया, औषध तू घाल."

मी "हं" म्हटलं. डोक्यात बहिणीचं लग्न होतं. संध्याकाळी त्या औषधाची इवलीशी बाटली माझ्या कोटाच्या खिशात सापडली, सील तसंच. मी गुपचूप ती कपाटात ठेवून दिली.

चार दिवसांनी तपासलं तर सगळ्या प्रथिनाचा चुरा झालेला. आमची प्रमुख पिरक्को हिने दोघांना बोलावलं.

"औषध कोणी घातलं होतं?"

"नेहमी मीच घालतो," ताइस्तो म्हणाला आणि अडखळला. "पण मधेच फोन आला होता. तुइया, मी तुला सांगितलं होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलंसुद्धा नाही. "मग मीच विसरलो. आईचं विसरणंही असंच सुरू झालं होतं."

"अरे, होतं एखाद्या वेळी," पिरक्को म्हणाली. पण त्याने थंड खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि रजा घेतली. जेवणाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "बिचारा." मीही म्हटलं, "हो ना." तो घास मला आजही आठवतो.

तीन आठवडे मी कसेबसे काढले. मग एका शनिवारी त्याच्या घरी गेले. तो बटाटे उकडत होता. फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या होत्या: शेगडी बंद कर. गोळी घेतली का. आन्नेलीचा वाढदिवस, नऊ तारीख. आन्नेली म्हणजे त्याची बायको.

उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं.

त्याने शेगडी बारीक केली. "तू 'नाही' म्हणालीस, तेव्हा तुला आठवत होतं?"

"हो."

"स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरने मला कागदावर घड्याळ काढायला लावलं, तुइया. बारा आकडे आणि काटे. बरोबर काढलं होतं मी. तरी घरी आल्यावर रोज काढून बघत होतो."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "ते नको. सोमवारी पिरक्कोला सांग. सगळ्यांसमोर सांग. आणि आता जा, बटाटे दोघांपुरतेच आहेत."

मी सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. पिरक्कोने सहा महिने मला भांडी आणि नळ्या धुवायला बसवलं. "हृदय देणाऱ्या त्या घरच्यांना आपण काय सांगणार होतो, तुइया?" एवढंच तिने विचारलं.

ऑगस्टमध्ये ताइस्तो कामावर परत आला. 'गुड मॉर्निंग' म्हणतो, कॉफीचा थर्मास माझ्याकडेही सरकवतो. फक्त हृदय आलं की तो दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतो, आणि मी सिंकपाशी उभी राहून पाणी सोडते.