खर्जाची तार

गोकुळने काळी पडलेली टेप नखाने सोलली, तशी फ्यूजच्या जागी एक पिवळी तार निघाली. दुहेरी करून पिळलेली, दोन्ही टोकांना घट्ट गाठ मारलेली. त्याने ती पकडीत धरून उजेडाकडे नेली. पितळेची होती. कुठल्याही गाडीत अशी तार नसते.

"ही कोणी घातली हितं?" त्याने मान वर न करता विचारलं.

न्हावऱ्याच्या फाट्यावर त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. समोरच्या कडुनिंबाखाली पांढरी जुनी ॲम्बॅसिडर बॉनेट उघडं टाकून उभी होती. दुपारी पारगावच्या रस्त्यावर तिच्या पुढच्या अंगातून धूर निघाला आणि उसाची खेप टाकून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरने दोर लावून तिला इथवर ओढून आणलं. गाडी हौसराव महाराजांची. सत्तरीचे गृहस्थ, पस्तीस वर्षं शिरूर आणि दौंड तालुक्यांत कीर्तन करत फिरणारे, नारळाशिवाय कुणाकडून काही न घेणारे. आज संध्याकाळी सात वाजता खुटबावच्या सप्त्यात त्यांचं कीर्तन होतं.

ते दुकानातल्या बाकावर बसले होते. शेजारी मुक्ताबाई, त्यांची कारभारीण. त्यांच्या मांडीवर गवसणीत घातलेली वीणा.

"मी घातली," हौसराव म्हणाले.

"तुम्ही?" बॉनेटच्या पलीकडून विश्वजीत म्हणाला. हा त्यांचा नातू. रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता, कारेगावला खोली घेऊन राहायचा. फोन गेल्यावर अर्धी शिफ्ट टाकून मोटरसायकलवर आला होता, अंगात अजून कंपनीचा निळा शर्ट. "आबा, फ्यूजच्या जागी तार? आमच्यात असं कोणी केलं तर गेटवरनं घरी धाडत्यात. गाडी पेटली असती. आजी शेजारी बसलेली असती."

"पेटली न्हाई ना."

"आता पांडुरंगानं वाचवलं म्हणू नका."

"न्हाई म्हणत. ट्रॅक्टरवाल्यानं वाचवलं. त्यानं पान्यानं ब्याटरीची वायर सोडवली. पांडुरंगाकडं पाना कुठला?"

विश्वजीत हसला नाही. त्याने हात पुढे केला.

"चावी द्या. खुटबावला फोन करून जमत न्हाई म्हणून कळवतो. उद्या गाडी भंगारात. ह्याच्यापुढं कीर्तन करायचं ते गावातल्या गावात."

हौसरावांचा हात बंडीच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मुक्ताबाई गवसणीची नाडी ओढून सारखी करत होत्या. ती आधीच सारखी होती.

"गोकुळमामा, तुमचं वायरिंगचं काम चोख होतं," विश्वजीत म्हणाला. "ह्यांनी वाटोळं केलं."

 गोकुळची नजर तारेच्या गाठीवर अडकली होती. दोन वेढे, मधून टोक, वरून अंगठ्याचा दाब. त्याची आई जन्मभर हीच गाठ मारत आली. शेवंती असो, झेंडू असो, हार ओवणारीचा हात दुसरी गाठ मारतच नाही. मुक्ताबाईंच्या घरी दीड एकर शेवंती होती. आणि हौसरावांच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच कडबाकुट्टीत गेलेली. मिळालेल्या नारळाची शेंडीसुद्धा त्यांना मुक्ताबाई सोलून देत. उरलेल्या बोटांनी ते वीणा मात्र अशी छेडत की, ऐकणाऱ्याला दहा बोटं आहेत असं वाटावं.

वीणेवरून त्याला गेल्या महिन्यातलं इनामगावचं कीर्तन आठवलं. तो अगदी पुढे बसला होता. वीणा लागली आणि काहीतरी खालून निसटल्यासारखं वाटलं. घरात सगळी माणसं असावीत आणि म्हातारं माणूस तेवढं नसावं, तसं. खर्ज, तो सगळ्यांत खालचा सूर, नव्हता. हौसराव वीणेकडे बघून म्हणाले होते, "एक तार रुसली माउली, तिघींवर भागवू." मंडपात हशा पिकला आणि कीर्तन पुढे सरकलं.

ती रुसलेली पितळी तार आता त्याच्या पकडीत होती.

त्याने ती बॉनेटच्या कडेवर ठेवली आणि जळालेली वायर हाताने चाचपत निघाला. हा विजेवरचा पंखा चार महिन्यांपूर्वी त्यानेच बसवला होता. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा म्हाताऱ्या गाडीला पुरेना, चौफुल्याच्या गर्दीत पाणी उकळू लागलं, म्हणून. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, तिथून रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यातल्या भोकातून पंख्याकडे. त्याचं बोट त्या भोकाशी आलं आणि थांबलं.

पत्र्याची कड नागडी होती. वायर जिथे तिच्यावरून वळत होती, तिथलं कव्हर कापलं जाऊन तांबं उघडं पडलं होतं.

तिथे वायर कडेपासून वाचवणारा रबरी बुश हवा होता. त्या दिवशी हाताशी असलेला बुश भोकात बसेना. सहा वाजून गेले होते, सातला निर्वी गावात कीर्तन, आणि मागच्या सीटवर एक जागा रिकामी होती. उद्या बसवू, असं तो मनाशी म्हणाला, हात पुसले आणि त्याच गाडीत बसून कीर्तनाला गेला. त्या रात्री त्याला इतकं भरून आलं होतं की, सकाळी त्याला बुश आठवलाच नाही. नंतरही नाही.

म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली की तांबं पत्र्याला टेकत होतं आणि फ्यूज उडत होता. उडायलाच हवा होता.

गोकुळने आजूबाजूला पाहिलं. वायर तशीही अख्खी बदलायचीच होती. ओढून काढली आणि भंगारात टाकली की झालं. चूक एकाने कबूल केलेलीच होती. पकड त्याच्या हातात होती आणि बाकावरचा माणूस खिशातली चावी मुठीत धरून जमिनीकडे बघत होता. वीस वर्षं या माणसाचं कीर्तन ऐकून आपण घरी नेलं तरी काय, असं त्याला वाटून गेलं.

"विश्वजीत, हिकडं ये," तो म्हणाला. "हितं बोट घाल. हळू, पत्रा कापंल."

विश्वजीतने बोट घातलं. मग वाकून पाहिलं. तो त्याच धंद्यातला, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"बुश न्हाई."

"राहिला माझ्याकडनं. म्हणून फ्यूज जात हुता. वर मीच दोन फ्यूज हातात दिले आन् म्हनलो, गेला की दुसरा घाला. तेबी गेले असतील. मग माणूस वाटेत करणार काय?"

"का राहिला?"

गोकुळने हातातलं फडकं उगाच झटकलं. "कीर्तनाला जायचं हुतं."

 रस्त्याने एक कंटेनर गेला.

"घ्या," हौसराव म्हणाले. "म्हंजी आरोपी कीर्तनच हाय."

"आबा, तरी तार घालायला नको हुती."

"नकोच हुती," गोकुळच म्हणाला. "ते चूकच. पन पयली चूक माझी. चावी मागायची तर माझ्या दुकानाची माग."

विश्वजीतने शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"पाना द्या दहा-अकराचा," तो म्हणाला.

जुनी वायर दोघांनी मुळापासून ओढून काढली. नवी जाड वायर घेतली. फ्यूजचं घर बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवलं, म्हणजे पुढे कुठेही काही बिघडलं तर वीज तिथेच थांबावी. पंख्याची अर्थिंगची वायर गंजक्या पत्र्याला न लावता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. भोकाची कड कानसीने घासली. तीन बुश नापास झाले, चौथा नीट बसला. वायर नळीत घालून सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधली आणि विश्वजीतने ती प्रत्येक ठिकाणी ओढून पाहिली, गोकुळने बांधलेलीसुद्धा. गोकुळला राग आला नाही.

गाडी सुरू केली. पाणी तापेपर्यंत सगळे उभे राहिले. मग रिलेचा टक् असा आवाज आला आणि पंखा घुमू लागला. विश्वजीतने मीटर लावला. अकरा ॲम्पियर. वीसचा फ्यूज त्याला भरपूर. पंखा बंद झाला, पुन्हा लागला. दहा मिनिटांनी त्याने वायरवर तळवा टेकवला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"गार हाय," तो म्हणाला. मग फडक्याने हात पुसत, कुणाकडेच न बघता, "मी मागनं मोटरसायकलवर येतो. खुटबावपतुर. पुढचं पुढं बघू."

हौसरावांनी खिशातला हात बाहेर काढला.

गोकुळने आतून एका कागदात दोन नवे फ्यूज आणले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. हौसरावांनी ते क्षणभर पाहिले. मग वळून मुक्ताबाईंपुढे धरले.

"हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आन् आता गेला तर गाडी उभी करायची. मी चालत जाईन. उशीर झाला तर लोक भजन करत्यात तवर."

मुक्ताबाईंनी वर पाहिलं. काही बोलायला त्यांचे ओठ हलले, पण हौसराव तोवर दार उघडून आत बसलेही होते.

मुक्ताबाईंनी फ्यूज पदराच्या टोकात ठेवले आणि गाठ मारली. दोन वेढे, मधून टोक, वरून अंगठा.

विश्वजीत बॉनेट लावायला पुढे झाला होता. कडेवर ठेवलेली जळकी तार त्याने उचलली, फेकून द्यायला. तिच्या गाठीकडे त्याने एकदा पाहिलं. मग आजीच्या पदराकडे. गोकुळ त्याच्याकडेच बघत होता.

विश्वजीतने तार फेकली नाही. निळ्या शर्टाच्या खिशात घातली, बटण लावलं आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"चला आजी," तो म्हणाला, "सातच्या आत पोचायचंय."