टोपलीवर उगवलेला बर्फ

मी एक जुनी टोपली आहे, कोंबड्या डालायची. नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्यासारखी सहाकोनी भोकांची जाळी अख्ख्या दिघाशी गावात दुसरी दाखवा, मग बोला. दामू बुरुडाने मला बांबूच्या ओल्या कामट्यांची विणली. माझ्या पोटाखाली कोंबड्या निर्धास्त झोपायच्या आणि मुंगूस बाहेर बोटं मोडत बसायचं. पुढे कोंबड्यांना लोखंडी खुराडं आलं. मी पडवीत पालथी पडले. कुणी विचारीना.

दोन हजार सहा साली माझ्या मालकिणीच्या, रंगूबाईच्या नातीने, पूर्वीने, मला पुसून घेतलं. भिवंडीच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. बर्फाचा कण कसा वाढतो, ते ती कॉम्प्युटरवर दाखवणार होती. पण लोडशेडिंग नेमकं त्याच वेळेला! वीज नसली की कॉम्प्युटर म्हणजे नुसतं खोकं. मग तिला माझी भोकं आठवली.

पॉवरलूमवरच्या वाया गेलेल्या सुताचे गोळे करून तिने एक माझ्या माथ्यावर, मधल्या भोकात बसवला. नियम एवढाच: ज्या रिकाम्या भोकाचा एकच शेजारी भरलेला, ते भरायचं. जास्त शेजारी भरलेले असले, तर रिकामं सोडायचं. आधी सगळीकडे बघायचं, मग ती फेरी एकदम भरायची. फेरीमागून फेरी झाली आणि सहा फांद्यांचा बर्फ उमलला. जन्मात अशी नटले नव्हते मी.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पूर्वी अंघोळीला गेली. पिल्लं निसटू नयेत म्हणून टोपलीची भोकं बुजवायची, ही रंगूबाईच्या हाताची जुनी सवय. उरलेलं सूत तिने सगळ्या रिकाम्या भोकांत कोंबलं.

"आजी, काय केलंस गं हे! रिक्षा दारात आलीय!"

"अर्धवट काम नेलंस तर मास्तर हसंल ना! भरून दिलं."

"ती भोकं रिकामीच पायजेत! त्यांच्यामुळं तर बर्फ दिसतो."

रंगूबाई माफी मागणारी नव्हे. "मंग रडतेस काय? नियम सांग तुझा."

मधला गोळा ठेवून सगळं उपसलं. दोघी भरू लागल्या. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तशी रंगूबाई ओरडली, "थांब रे मेल्या! बर्फ वाढतोय अजून!" आणि काय सांगू, तीच नक्षी पुन्हा उमटली. आठवून नव्हे, नियम पाळून.

रंगूबाईही रिक्षातून सोबत आली. शाळेच्या दारात मला उतरवताना एक गोळा खाली पडला. रिक्षावाल्याने तो उचलून दिसेल त्या भोकात खुपसला. रंगूबाईने त्याच्या हातावर चापट मारली.

"त्याला दोन शेजारी हायत. न्हाय भरायचं!"

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिची वीण नीट बघा. आणि रिकामं दिसलं की लगेच हात घालू नका, आधी विचारा.