पडायला मऊ कारपेट

कारपेट घ्यायला गेलेलं माणूस रंग बघतं, नक्षी बघतं, फार तर हात फिरवून बघतं. धाकटी प्रत्येक नमुना जमिनीवर अंथरायला लावत होती आणि त्यावर धपकन गुडघ्यांवर पडत होती. तिसऱ्या वेळी दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. त्याला वाटलं, बाईंना चक्कर येतेय.

"चक्कर मला नाही, माझ्या आईला येते," ती गुडघे चोळत म्हणाली. "यातलं पडायला सगळ्यात मऊ कुठलं, तेवढं सांगा."

आई वर्षात दोनदा पडली होती. दुसऱ्यांदा फरशीवर आपटून भुवईपाशी सहा टाके पडले, तेव्हा दादा आला आणि हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने धाकटीला निर्वाणीचं सांगितलं, "आता पुन्हा पडली, की वृद्धाश्रम. मी जागा बघून ठेवलीय. तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात, मी परगावी. तिला काय दोरीने बांधून ठेवणार आहेस?" दादाचं काही चुकत नव्हतं, आणि तेच धाकटीला झोंबलं. घरी आल्यावर आईने तिचा हात धरला. "मला तिथे पाठवू नकोस गं. इथेच मरू दे." धाकटी शब्द देऊन बसली. शब्द द्यायला काय लागतं? नुसती जीभ हलवायची.

कारपेट बसवणाऱ्याने एका दिवसात दोन्ही खोल्या उरकल्या. भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या पट्ट्या, मग बोटभर जाड फोम, त्यावर गडद निळं कारपेट, गुडघ्याने रेटून रेटून ताणलेलं. काम चोख होतं आणि तोंडही चालू होतं.

"ताई, आधी विचारलं असतंत तर एवढं जाड घेऊच नका म्हणालो असतो. म्हाताऱ्या माणसाचा पाय रुततो यात. काठीसुद्धा धड टेकत नाही."

"आता बसवलंय ना?"

"आता बसवलंय," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करायला लागला. जाता जाता त्याने निगा कशी राखायची तेही सांगितलं. कारपेटची लव दाराकडे झुकलीय, व्हॅक्यूम त्याच दिशेने मारायचा. लव उलटी फिरली तर तिथे डाग पडल्यासारखं दिसतं, पण तो डाग नव्हे, हात फिरवला की जातो.

आईला कारपेट आवडलं. पायांना ऊब लागते म्हणाली. धाकटी रोज कामावरून आली की पर्स ठेवायच्या आधी व्हॅक्यूम काढायची. तिला वाटायचं, आपण घराला गादी घातली, आता काय व्हायचंय?

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी खिडकीपाशी तिचा हात थांबला. लव उलटी फिरली होती. दोन गुडघ्यांचे वळ, एका पंजाचा ठसा, आणि तिथून खुर्चीपर्यंत सरपटत गेल्याचा लांब पट्टा. त्यावरून कुणीतरी घाईघाईने हात फिरवून सारवासारव केली होती, पण थरथरत्या हाताने ती काय जमणार?

"आई, आज काय केलंस दिवसभर?"

"काय करणार? बसले होते खिडकीत," आई म्हणाली. पडलं तरी नाक वर, ही तिची जुनीच खोड.

धाकटीने विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर दादाला सांगावं लागलं असतं. तिने व्हॅक्यूमचं बटण दाबलं आणि लव दाराकडे सारखी केली.

असं पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोनदा झालं. तेरी भी चूप, मेरी भी चूप. दर रविवारी दादाचा फोन यायचा, "पडली नाही ना?" आणि धाकटी म्हणायची, "नाही रे, छान चालतेय कारपेटवर." फोन ठेवल्यावर तिला स्वतःची लाज वाटायची. खरं सांगायचं तर लाजेपेक्षा हायसंच जास्त वाटायचं.

मग एका गुरुवारी ती घरी आली तेव्हा आई खुर्चीतच होती, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डावा हात मांडीवर निपचित पडला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो उजेडावर धरला. रक्त साकळलं होतं, थोडं जुनं, थोडं ताजं. "महिन्याभरात पडल्या होत्या का? नीट आठवून सांगा, त्यावर पुढचं ठरणार आहे."

"नाही," तेवढ्यात येऊन पोचलेला दादा म्हणाला. "मी दर रविवारी विचारतो."

स्ट्रेचरवरून आई धाकटीकडे बघत होती. तिने मान हलवली, अगदी किंचित. सांगू नकोस.

"तीनदा," धाकटी म्हणाली. "दोनदा खिडकीपाशी, एकदा पलंगाजवळ. खिडकीच्या कठड्यावर आपटलं असणार डोकं. मला माहीत होतं." कारपेट जमिनीवर घातलं होतं, कठड्यावर कोण घालतं?

दादाने धाकटीच्या हातातली आईची फाईल काढून स्वतःकडे घेतली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाई ऑपरेशनची तयारी करायला सांगत निघून गेल्या.

"तुला माहीत होतं?" आईने जड जिभेने विचारलं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मला वाटलं, तुला माहीत नाही म्हणून जातेस."

धाकटीने तिचा हात धरला. तो डावा होता, त्याला काही कळत नव्हतं.

"माहीत होतं," आई म्हणाली, "आणि तरी रोज मला एकटीला टाकून गेलीस?"

वॉर्डबॉयने स्ट्रेचरचा ब्रेक काढला आणि आईला आत नेलं.