काकूंनी एक दिवस तोंड बंद ठेवलं

मोठे साहेब सकाळी सकाळी गोड बोलायला लागले तेव्हाच काकूंनी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"काकू, आज तपासणी आहे. ऑफिस किती डिजिटल झालंय त्याला मार्क पडणार. चौथी, म्हणजे सगळ्यात वरची पायरी मिळाली की सगळ्या विभागात आपण पहिले."

"मग?"

"मग तुम्ही आज दिसायचं नाही. ते रजिस्टर घेऊन कपाटामागे बसा. कोणी काही विचारलं तरी एक शब्द बोलायचा नाही."

चौथी पायरी मिळाली की काकूंचं आवक-जावकचं टेबल उठणार, हे साहेबांनी गिळलं. पण बदलीचा कागद ऑपरेटरनेच टाइप केला होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. बदली जुन्या गोदामात, दोन बस बदलून. काकूंची आई अंथरुणाला खिळलेली. घर मागच्याच गल्लीत, म्हणून रोज एक वाजता काकू पळत जाऊन तिला भरवून यायच्या. गोदामातून कशा येणार?

राग काकूंच्या नाकावरच बसलेला असायचा. आज त्यांनी त्याला हाकललं. "बरं," म्हणाल्या, "एक शब्द नाही."

आता इथला कारभार असा, की लोक घरबसल्या ऑनलाइन अर्ज भरायचे. ऑपरेटर त्याचा प्रिंट काढायचा, काकू शिक्का मारून रजिस्टरात नंबर घालायच्या, कागद चार टेबलं हिंडायचा आणि शेवटी स्कॅन होऊन परत कंप्युटरात जायचा. बाहेरच्याला वाटायचं, वा, सगळं आपोआप.

तपासनीस बाई पोरसवदा होती, पण नजर सुईसारखी. "हा अर्ज आत्ता कुठे आहे?"

ऑपरेटरने बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, कार्यवाही सुरू.

"ते दिसतंय मला. कोणाकडे सुरू?"

ऑपरेटर कपाटाकडे बघून खोकला. साहेबही खोकले. मागे काकू निवांत नखं कापत होत्या.

"तिकडे कोण आहे?" म्हणत बाई थेट कपाटामागे गेली. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो काकू, सांगा ना आता," साहेब घामाघूम.

काकूंनी कागदावर लिहिलं, 'तोंडी आदेश चालत नाही. लेखी द्या.'

"मेल करतो, थांबा."

'मेलचा प्रिंट काढावा लागेल.'

बाईने ओठ चावून हसू दाबलं. साहेबांनी मुकाट्याने हाताने लिहिलं, बोलण्यास परवानगी आहे. काकूंनी कागद परत सरकवला. खाली एक ओळ वाढवली होती, 'आणि माझी बदली?'

"कसली बदली?" बाईने विचारलं.

"काही नाही हो, ती रद्दच आहे."

'तेही लेखी.'

साहेबांनी दात खाऊन लिहिलं, सही केली. काकूंनी शिक्का मारला, रजिस्टरात नंबर घातला आणि मग सावकाश तोंड उघडलं.

"तिसरं टेबल. चहाच्या कपाखाली."

बाईने कप उचलला. अर्ज होता, गोल डागासकट. तिने फॉर्म भरला. पायरी पहिली.

"पहिली?" साहेब खुर्चीत बसले. "अहो, काम तर होतं ना इथे. काकूंना धरून मोजा की."

"काकूंना धरायला माझ्या फॉर्मात रकाना नाही, साहेब."

ऑपरेटर फिस्कन हसला. काकूंनी सही केलेला कागद त्याच्यापुढे ठेवला.

"दोन झेरॉक्स काढ. एक फायलीला, एक मला."